संकरित डुकरे दोन-तीन पिढ्यांनी खुजी का निघू लागतात? कारण कसे शोधावे आणि काय बदलावे

मुंबईच्या वेशीवर, वसई-पालघरच्या बाजूला चार-सहा माद्यांवर वराहपालन करणाऱ्यांकडून एक तक्रार वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विदेशी जातीचा नर आणला, गावठी माद्यांना भरवला, पहिली पिल्ले दणकट निघाली आणि चांगल्या भावाने गेली. मग त्याच पिल्लांतून पुढची पैदास धरली, तर एकाच वेतातली पिल्ले लहान-मोठी निघू लागली आणि त्यापुढच्या पिढीत तर वर्ष उलटले तरी जनावर साठ किलोंच्या पुढे सरकेना. नवा नर आणला की वर्षभर बरे चालते आणि पुन्हा तेच. यावर ‘जात बिघडली’ आणि ‘खुराक कमी पडतो’ अशी दोन उत्तरे तयारच असतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ती तपासणी न करता दिली जातात, म्हणून दुखणे परत येते. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी मूळ दोष पैदाशीच्या निवडीत असतो: नर घरच्याच कळपातला असतो आणि माद्या म्हणजे विक्रीतून मागे उरलेल्या माद्या असतात. मात्र या निष्कर्षावर येण्याआधी इतर कारणे बाजूला काढलीच पाहिजेत, नाहीतर नवा नर आणूनही पैसे वाया जातात.

पहिले काम वजनाचे. नजरेच्या अंदाजाने ‘जनावर वाढत नाही’ असे म्हणणे पुरेसे नाही, कारण पोट सुटलेले डुक्कर भारी दिसते आणि लांबोडके, भरलेल्या मांड्यांचे डुक्कर हलके वाटते. काटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा, दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून लांबी घ्यावी, दोन्ही मापे सेंटीमीटरमध्ये लिहावीत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि १४,४०० ने भागावे. घेर ९५ आणि लांबी १०५ भरली तर वजन साधारण ६६ किलो येते. मापे सकाळी, खुराक देण्यापूर्वी आणि मान सरळ असताना घ्यावीत. हा हिशेब काट्याइतका अचूक नाही, परंतु दोन वेतांची तुलना करण्यास तो पुरेसा आहे. दूध तोडताना एकदा आणि सहा महिन्यांच्या वयात एकदा, एवढ्या दोन नोंदी प्रत्येक पिल्लाच्या नावावर असल्या तरी निम्मे निदान होते. दूध तोडतानाच वजन कमी असेल तर दोष आईच्या दुधात, वेताच्या आकारात किंवा पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांत असतो. तोपर्यंत वाढ चांगली असून पुढे ती मंदावत असेल तर खुराक, जंत किंवा वाढीचा आनुवंशिक गुण यांपैकी काहीतरी कमी पडत असते.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे आणि तरीही ती क्वचितच केली जाते. बाहेरून, खात्रीच्या कळपातून आणलेली दोन-तीन पिल्ले घरच्या त्याच वयाच्या पिल्लांसोबत, त्याच कप्प्यात आणि त्याच खुराकावर वाढवावीत. विकतची पिल्लेही खुरटली तर दोष घरच्या व्यवस्थेत आहे. ती वाढली आणि घरची मागे राहिली, तर दोष रक्तात आहे. ज्यांना नवी पिल्ले आणणे परवडत नाही त्यांनी निदान वेगवेगळ्या नरांच्या वेतांची तुलना करावी, कारण खुराक आणि जंत सगळ्यांना सारखेच छळतात, तर पैदाशीचा दोष ठरावीक नराच्या किंवा ठरावीक मादीच्या वेतांत उठून दिसतो.

खुराकाबाबत मुंबईची अडचण वेगळी आहे. येथे हॉटेलांचे आणि खानावळींचे खरकटे स्वस्तात मिळते, आणि बादल्या भरलेल्या दिसल्या की जनावराला पुरेसे खायला मिळाले असे वाटते. वास्तविक त्या बादलीत पाणी जास्त असते आणि उरलेल्या भागात भात, पाव आणि तेल. पिष्टमय पदार्थ भरपूर आणि प्रथिने अपुरी, अशा खुराकावर संकरित पिल्लू चरबी धरते, पण मांस धरत नाही. पाठीवर बोट रुतते, मागच्या मांड्या मात्र चपट्या राहतात. नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लाच्या खुराकात सुमारे २० टक्के, वाढत्या जनावराच्या खुराकात १८ टक्के आणि विक्रीपूर्वीच्या टप्प्यात १६ टक्के प्रथिने असावीत, असे साधारण गणित आहे. त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) डुकरांत सर्वांत आधी कमी पडते, आणि मका, तांदूळ, गव्हाचा कोंडा यांत ते थोडेच असते. म्हणून सोयाबीन पेंड किंवा चांगल्या प्रतीची मासळीची कुटी यांना पर्याय नाही. खरकटे वापरायचेच असेल तर ते ९० अंश सेल्सिअसवर किमान ६० मिनिटे, सतत ढवळत उकळावे आणि डुकराच्या मांसाचे अवशेष असलेले खरकटे तर घेऊच नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथम २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर उपचार नाही, आणि त्याचा विषाणू कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून सहज पोहोचतो.

जंतांची तपासणी कत्तलीच्या वेळीच होऊन जाते, फक्त पाहणारा हवा. मोठ्या गोलकृमीच्या अळ्या यकृतातून प्रवास करतात आणि तेथे दुधाचे थेंब सांडल्यासारखे पांढुरके डाग ठेवून जातात. जनावर देवनारच्या कत्तलखान्यात गेले काय किंवा गावातल्या खाटकाकडे, यकृत बाजूला ठेवायला सांगावे आणि स्वतः पाहावे. डाग असतील तर मागच्या कित्येक आठवड्यांचा खुराक जंतांनी खाल्ला, असे समजून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशकाचे वेळापत्रक लावावे. सिमेंटच्या जमिनीवर वाढणाऱ्या पिल्लांना माती मिळत नाही आणि आईच्या दुधात लोह अगदी कमी असते, त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या सुमारास २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन दिले नाही तर पिल्ले फिकट आणि मलूल राहतात. ही दोन्ही कारणे स्वस्तात दूर होतात. त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही.

हे सारे ठीक असूनही प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा हलकी निघत असेल, तर आता वंशावळीकडे वळावे. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून येणाऱ्या पहिल्या पिढीत संकरजोम, म्हणजे केवळ संकरामुळे मिळणारी जादा वाढ आणि दणकटपणा, पूर्ण असतो. याच पिढीतले नर आणि माद्या आपापसांत भरवले की पुढच्या पिढीत तो निम्मा उरतो. ही घट हिशेबाची आहे, तिच्यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, आणि कितीही चांगला खुराक देऊन ती भरून येत नाही. पण एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे: केवळ संकरजोम घटल्यामुळे होणारी घसरण एकदाच होते आणि मग थांबते. तिसऱ्या, चौथ्या पिढीतही वजन उतरतच राहिले, तर तेथे दुसरे काहीतरी चालू आहे आणि ते बहुधा जवळच्या नात्यातली पैदास हेच असते. बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण यांच्या मीलनातून येणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (नात्यातली पैदास किती जवळची, याचे माप) २५ टक्के होतो, सावत्र भावंडांच्या बाबतीत तो १२.५ टक्के. त्याचा पहिला फटका वजनापेक्षा वेताच्या आकाराला आणि पिल्लांच्या जगण्याला बसतो, कारण ज्या गुणांना संकरजोमाचा सर्वाधिक लाभ मिळतो त्याच गुणांची सर्वाधिक हानी अंतःप्रजननाने होते. वेतात पिल्ले कमी, त्यांत एखाद्याला बेंबीचा हर्निया, एखाद्याचे गुदद्वार बंद, एखाद्या नराचा एकच अंड उतरलेला, अशी व्यंगे एकामागून एक दिसू लागली तर खुराकाची चौकशी थांबवून नराची चौकशी करावी.

अशा कळपाची वही उघडली की चित्र स्पष्ट दिसते. जिथे वही असते तिथे मादीचे नाव, भरवल्याची तारीख आणि पिल्लांची संख्या असे तीन रकाने असतात; नराचा रकाना नसतोच, कारण ‘नर एकच आहे, लिहायचे काय’ असे उत्तर मिळते. त्याच वहीत खालच्या ओळीत जी मादी नव्याने आलेली दिसते, ती वरच्या ओळीतल्या वेतातली असते आणि नर मात्र तोच. गाई-म्हशींची सवय असलेल्या माणसाला असे वाटते की नराच्या मुली पैदाशीला यायला तीन-चार वर्षे आहेत. डुकरांत ही मुदत फार लहान आहे. गर्भकाळ ११४ दिवसांचा आणि मादी पहिल्यांदा भरवण्याचे योग्य वय आठ महिन्यांच्या आसपास, म्हणजे नराने पहिली मादी भरवल्यापासून अवघ्या वर्षभरात त्याची मुलगी त्याच्यासमोर माजावर उभी राहते. नवा नर आणल्यावर ‘वर्षभर बरे चालते’ ही तक्रारीतली ओळ याच हिशेबातून आलेली असते.

मालकाच्या नकळत होणारी पैदास हा आणखी एक छुपा मार्ग आहे. गावठी रक्ताचे नर चार-पाच महिन्यांत, काही तर त्याही आधी, वयात येतात. खच्ची न केलेली नर पिल्ले बहिणींसोबत एकाच कप्प्यात सहा महिने राहिली तर त्या बहिणी विक्रीच्या वेळी गाभण निघतात, आणि दिसायला भारी म्हणून त्याच पैदाशीसाठी ठेवल्या जातात. पैदाशीसाठी न निवडलेल्या प्रत्येक नर पिल्लाचे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खच्चीकरण झाले पाहिजे; वयात आलेल्या नराच्या मांसाला येणारा उग्र वास टाळण्यासाठीही ते आवश्यकच असते. मोकाट डुकरे फिरत असलेल्या वस्तीत कुंपण नसेल तर आणखी गोंधळ होतो, कारण एकाच माजात दोन नरांकडून भरलेल्या मादीच्या एका वेतात दोन बापांची पिल्ले असू शकतात.

‘शुद्ध यॉर्कशायर’ म्हणून विकत घेतलेला नर खरोखर शुद्ध आहे का, हेही तपासावे, कारण पांढरे कातडे आणि उभे कान पाहून बरेच संकरित नर शुद्ध म्हणून खपवले जातात. लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा पांढरा रंग प्रभावी गुण आहे. शुद्ध नर काळ्या गावठी मादीला भरवला तर सारी पिल्ले पांढरी निघतात; अंगावर थोडे निळसर-काळे ठिपके आले तर त्यात वावगे नाही. परंतु वेतात पूर्ण काळी पिल्ले आली, आणि दुसरा नर मध्ये आलेला नाही याची खात्री असेल, तर तो नर स्वतःच संकरित आहे आणि आपण ज्या पिढीला पहिली समजतो ती प्रत्यक्षात दुसरी किंवा तिसरी आहे. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही: सगळी पिल्ले पांढरी निघाली म्हणून नर शुद्ध ठरत नाही, त्याला वंशावळीचा कागदच लागतो.

आता माद्यांविषयी, कारण नराला दोष देऊन मोकळे होणारे याकडे दुर्लक्ष करतात. मुंबई परिसरात डुकराच्या मांसाची सर्वांत मोठी मागणी नाताळला येते. ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळ ख्रिस्ती) आणि गोवेकर घरांत सोरपोतेल आणि इंदयाल या मांसाच्या पदार्थांसाठी आधीपासून सांगून ठेवलेले असते, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गिऱ्हाईक कप्प्यासमोर उभे राहून सर्वांत भारी जनावरावर बोट ठेवते. पैसे हातात पडतात, ते जनावर जाते, आणि जानेवारीत मागे उरलेल्या बारक्या माद्यांतून पुढची पैदास सुरू होते. वाढीच्या वेगातला सुमारे तीस टक्के फरक आनुवंशिक असतो आणि पाठीवरील चरबीच्या जाडीत तर हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे निवडीने हे गुण चांगले सुधारतात आणि उलट्या निवडीने तितकेच बिघडतात. दरवर्षी सर्वांत हळू वाढणाऱ्या माद्यांतून पैदास करणे म्हणजे हळू वाढणारी जात पद्धतशीरपणे तयार करणेच होय. मला स्वतःला घरच्या नराइतकाच हा दोष गंभीर वाटतो, आणि तो दूर करायला एक रुपयाही लागत नाही. दूध तोडतानाच्या आणि सहा महिन्यांच्या वजनांवरून, मोठ्या वेतात जन्मलेल्या, किमान बारा सारख्या अंतरावरचे सड असलेल्या माद्या ऑक्टोबरअखेर निवडाव्यात, कानाला बिल्ला लावावा आणि त्या वेगळ्या कप्प्यात हलवाव्यात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नजरेला त्या पडणारच नाहीत.

उपाय नेमका कोणता? संकरित मादी ठेवावी, संकरित नर कधीही ठेवू नये, हे मूळ सूत्र. यॉर्कशायर आणि गावठी यांच्या संकरातली मादी आईपणात उत्तम असते. तिला पुन्हा यॉर्कशायरचा शुद्ध नर दिला तर पिल्लांत विदेशी रक्त ७५ टक्के होते, पण पिल्लांचा स्वतःचा संकरजोम निम्म्यावर येतो. त्याऐवजी तिसऱ्या जातीचा, म्हणजे लँडरेस, ड्युरॉक किंवा हॅम्पशायरचा शुद्ध नर दिला, तर आईचाही आणि पिल्लांचाही संकरजोम पूर्ण राहतो. मांसासाठी हीच योजना सर्वांत फायद्याची आहे, मात्र त्या वेतातली सर्व पिल्ले विक्रीला गेली पाहिजेत, आणि नव्या माद्या वेगळ्या मार्गाने आणाव्या लागतात. चार-सहा माद्यांच्या मालकाला हे जड जाते. त्याने दोन जातींचे नर आलटून-पालटून वापरावेत: यॉर्कशायरच्या मुलींना लँडरेस, लँडरेसच्या मुलींना पुन्हा यॉर्कशायर. या फेरपालटीत संकरजोम कालांतराने ६७ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि तीन जाती फिरवल्या तर ८६ टक्क्यांवर. आपापसांतल्या पैदाशीत उरणाऱ्या ५० टक्क्यांशी तुलना केली, आणि नात्यातली पैदास टळते हे त्यात धरले, तर दुसऱ्या नराचा खर्च अंगावर येत नाही.

विदेशी रक्त किती असावे, याचे एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. देशात तयार झालेल्या संकरित जातींकडे पाहिले तरी हे दिसते: गुवाहाटीजवळच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने तयार केलेली ‘राणी’ ही हॅम्पशायर आणि घुंगरू या देशी जातीच्या संकरातून आली, रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाची जात विदेशी टॅमवर्थ आणि देशी डुकरे यांच्या संकरातून, इज्जतनगरच्या संस्थेची ‘लँडली’ लँडरेस आणि देशी घुर्रा यांच्या संकरातून; आसाममधील एका जातीत हॅम्पशायरचा वाटा ७५ टक्के आहे. त्या जाती स्थिर करण्यासाठी मोठ्या कळपात अनेक पिढ्या नोंदी ठेवून निवड केलेली असते, आणि चार माद्यांच्या कळपात तसे करता येत नाही. कोकण-मुंबईच्या हवेत, खरकटे आणि थोडा भरडा एवढ्याच बळावर पाळायचे असेल तर निम्मे देशी रक्त राखावे. तयार पशुखाद्य, पंखे आणि पक्के शेड असेल तरच ७५ टक्क्यांकडे जावे. गोव्यातली ‘अगोंदा गोवन’ ही नोंदणीकृत देशी जात आपल्याच हवेची आहे, ती मिळाल्यास देशी बाजूसाठी विचारात घ्यावी.

हवेचा मुद्दा आला म्हणून सांगतो: डुकराला घाम जवळजवळ येत नाही, ते अंग भिजवून थंड होते, आणि मुंबईच्या दमट हवेत भिजलेले अंगही लवकर वाळत नाही. म्हणून नुसते पाणी मारून भागत नाही, वाराही खेळता हवा. एप्रिल-मेच्या किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात तापलेल्या नराचे वीर्य पुढचे पाच-सात आठवडे कमकुवत राहू शकते. त्या काळात भरवलेल्या माद्या उलटल्या (गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या) किंवा वेत लहान आले तर लगेच नर बदलू नये. गारव्याच्या दिवसांतले वेत पाहून मगच निर्णय घ्यावा.

नवा नर आणताना वंशावळ जितकी महत्त्वाची तितकेच त्याचे आरोग्यही. क्लासिकल स्वाइन फीव्हरची (वर आलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरची नव्हे) लस झाली आहे का हे पाहावे आणि किमान ३० दिवस त्याला कळपापासून दूर, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या माणसाने सांभाळावे. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून नर फिरवण्याची कल्पना खर्चाच्या दृष्टीने आकर्षक आहे, परंतु दर आठवड्याला एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाणारा नर रोगही सोबत नेतो. त्यापेक्षा वर्षभर वापरून झाल्यावर नरांची अदलाबदल करावी आणि प्रत्येक वेळी विलगीकरण पाळावे. कृत्रिम रेतनासाठी ताजे वीर्य मिळत असेल तर नर पाळण्याचा प्रश्नच मिटतो, मात्र डुकराचे वीर्य १७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. घरच्या फ्रिजमध्ये ठेवले की शुक्रजंतू गारठून मरतात. वंशावळ, नराची निवड किंवा रेतन यांविषयी शंका असल्यास १८८६ पासून चालू असलेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

बदल केल्यावर परिणाम कधी दिसेल, हेही आधी ठरवून ठेवावे. नव्या, बिननात्याच्या नराच्या पहिल्या वेतातच पिल्लांची संख्या, व्यंगांचे प्रमाण आणि दूध तोडतानाचे वजन यांत फरक दिसला पाहिजे. भरवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो वहीत उतरतो. माद्यांच्या निवडीचा परिणाम मात्र त्यानंतरच्या पिढीत कळतो. नर बदलून, जंत काढून आणि लोह देऊनही दूध तोडतानाचे वजन हलले नाही, तर वंशावळ सोडून गाभण आणि दूध देणाऱ्या मादीच्या खुराकाकडे परत यावे, आणि तपासणी तेथून पुन्हा सुरू करावी.